हमस रोज खावं का?

परवा महिला मंडळात एकीने विचारलं, "ताई, लेक म्हणते हमस रोज खा, तब्येतीला चांगलं. खरं का?"

मैत्रिणींनो, हमस हा लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईनकडचा नेहमीचा पदार्थ. भिजवून मऊ शिजवलेले काबुली चणे, वाटलेले तीळ, लिंबू, लसूण आणि वरून ऑलिव्हचं तेल. तिकडे सकाळी रोटीबरोबर खातात. चण्यांतून प्रथिनं, चोथा, लोह मिळतं. लिंबामुळे ते लोह अंगी लागायला मदत होते. तेव्हा रोज खायला हरकत नाही, पण बेतानं! तीळ-तेलामुळे दोन मोठ्या चमच्यांतच साधारण 70 कॅलरी जातात. विकतच्या डब्यात मीठही बरंच असतं. सोबत वेफर्स घेतले तर फायदा कुठला? काकडी, गाजर, पोळी बरी. घरीच करावं, फ्रिजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावं.

खरी अडचण वेगळीच आहे. सगळ्यांना वाढून झालं की आपल्या वाटीत उसळीचा नुसता रस्सा उरतो. हमस करा नाहीतर चण्यांची उसळ. बायांनो, त्यातले चणे स्वतःच्याही ताटात पडू द्या!