४५ सामन्यांचे चरित्र

चरित्र या वाङ्मयप्रकाराला शिखरांचे आकर्षण असते. नायकाच्या आयुष्यातील एक निर्णायक दिवस निवडायचा. त्याआधीचे सारे पूर्वतयारी म्हणून आणि नंतरचे सारे उपसंहार म्हणून मांडायचे, ही त्याची रूढ रीत. ही रीत किती अपुरी आहे, हे आइस हॉकीपटू विली ओ'री यांच्या आयुष्यावरून ध्यानात येते.

ओ'री यांचा जन्म १९३५ साली कॅनडातील फ्रेडरिक्टन येथे झाला. १८ जानेवारी १९५८ रोजी ते मॉन्ट्रियलमध्ये बॉस्टन ब्रुइन्सकडून मैदानात उतरले आणि नॅशनल हॉकी लीगमधील पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ठरले. त्या मोसमात त्यांना दोनच सामने मिळाले, १९६०-६१ मध्ये ४३. एकूण ४५ सामने आणि ४ गोल. २००० आणि २०२० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या दोन्ही आत्मचरित्रांची उपशीर्षके हे आद्यत्वच मिरवतात.

परंतु ओ'री १९७९ पर्यंत व्यावसायिक हॉकी खेळत होते. दोन दशकांहून अधिक असलेला हा काळ जवळजवळ सगळा मायनर लीगमध्ये गेला, आणि खरे नाट्य तेथेच आहे. १९५५-५६ च्या मोसमात रबरी चकती, म्हणजे पक, लागून त्यांचा उजवा डोळा जवळपास निकामी झाला होता. डॉक्टरांनी खेळ सोडण्यास सांगितले. त्यांनी तो सोडला नाही आणि ही गोष्ट लपवून ठेवली. ते डाव्या बगलेवरून खेळत. त्यामुळे सहकाऱ्यांचे पास उजवीकडून, म्हणजे न दिसणाऱ्या बाजूने येत; दर वेळी पुरती मान वळवावी लागे. पुढे लॉस एंजेलिस ब्लेड्समध्ये ते उजव्या बगलेवर खेळू लागले आणि खेळ शाबूत डोळ्यासमोर आला. १९६४-६५ मध्ये वेस्टर्न हॉकी लीगमध्ये ३८ गोल करून ते अव्वल ठरले. १९६८-६९ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षी, सॅन दिएगो गल्सकडून त्यांनी पुन्हा ३८ गोल केले.

यावर कोणी म्हणेल, की सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने ते ४५ सामनेच मोलाचे आहेत. हे खोटे नाही. त्या लीगमध्ये दुसरा कृष्णवर्णीय खेळाडू, माइक मार्सन, यायला १९७४ साल उजाडावे लागले. पण १९५८ ची ती रात्र आपल्याला का महत्त्वाची वाटते, एवढेच या युक्तिवादाने कळते. स्वतः ओ'री कशासाठी खेळत राहिले, हे कळत नाही. शिवाय १९६७ पर्यंत त्या लीगमध्ये अवघे सहा संघ होते. अशा वेळी 'मायनर' हे विशेषण स्पर्धेच्या दर्जाचे असते. ते माणसाला चिकटवणे हा अन्याय होय.

गौरवही याच वाटेने गेला. २०१८ साली हॉकी हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश झाला, तो 'बिल्डर' या वर्गात; १९९८ पासून मुलांमध्ये हॉकीचा प्रसार केल्याबद्दल, खेळाडू म्हणून नव्हे. बॉस्टनने जानेवारी २०२२ मध्ये त्यांचा २२ क्रमांक कायमचा निवृत्त केला, तोही त्याच ४५ सामन्यांच्या स्मरणार्थ.

प्रतीक झालेल्या माणसाचे चरित्र वाचताना आपण पानांची वाटणी तपासावी. ज्या वर्षांत तो रोज आपले काम करत होता, त्या वर्षांना किती पाने मिळाली? ओ'री यांच्याबाबतीत ते काम मान वळवून पास घेण्याचे होते. चरित्रकाराने त्यासाठी पुरेशी जागा ठेवली नसेल, तर त्याने माणूस गमावून केवळ घटना नोंदवली, असेच म्हणावे लागेल.