चित्रांच्या तक्त्यावर ‘नको’ आहे का?

तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी असं एखादं तीन-चार वर्षांचं मूल असेल, ज्याला बरंच काही समजतं पण शब्द फुटत नाहीत. कारण सेरेब्रल पाल्सी असेल, ऑटिझम असेल किंवा डाऊन सिंड्रोम. अशा मुलाला चित्रावर बोट ठेवून बोलायला शिकवा, असं थेरपिस्टनं सुचवलं की घरातलं कुणीतरी हमखास म्हणतं, ‘‘मग तो तोंडानं कशाला बोलेल? आळशी होईल.’’

ही भीती मायेपोटी असते, पण तिला आधार नाही. या विषयावरच्या अभ्यासांचा एक आढावा २००६ साली प्रसिद्ध झाला. बोलण्याला पर्यायी साधनं वापरल्यामुळे बोलणं कमी झालं, असं त्यातल्या भरवशाच्या अभ्यासांत एकाही व्यक्तीच्या बाबतीत दिसलं नाही. बहुतेकांचं थोडंफार वाढलंच. तेव्हा बोलण्याची वाट बघत वर्षं घालवू नका. कानांची तपासणी मात्र सगळ्यात आधी.

मुंबईच्या आयआयटीत तयार झालेलं ‘जेलो’ हे अ‍ॅप मोफत आहे आणि मराठीतही आहे. चित्राला हात लावला की फोन तो शब्द बोलतो. फोन द्यायचा नसेल तर जुन्या वहीचा पुठ्ठा, चार चित्रं आणि वरून चिकटपट्टी एवढ्यावर सुरुवात होते. पुठ्ठ्याला चार्जिंग लागत नाही, तो न्हाणीघरातही चालतो.

आता त्यावर काय चिकटवाल? बहुतेक घरांत पाणी, दूध, पोळी, शू. म्हणजे मुलानं फक्त मागायचं! ‘नको’, ‘थांब’, ‘अजून’, ‘दुखतंय’ हे शब्द कुठे गेले? माझ्या मते ‘नको’ पहिल्या दिवशीच हवा. नकोसा घास पुढे आला की मूल ताट ढकलतं, चावतं, किंचाळतं, आणि आपण त्याला हट्टी म्हणतो. त्यानं ‘नको’वर बोट ठेवलं तर निदान काही वेळा तरी ते मानावंच लागेल. नाहीतर ते बोट पुन्हा कशाला उचलेल?

दुसरी गोष्ट मोठ्यांनी करायची आहे. आधी तुम्ही बोट ठेवा. ‘‘अजून भात?’’ म्हणताना ‘अजून’वर, ‘‘झालं’’ म्हणताना ‘झालं’वर. बोलकं मूल पहिला शब्द उच्चारण्याआधी वर्षभर तो ऐकत असतं. याला आठवड्यात परीक्षेला बसवू नका. प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत मोजा. आपण फार लवकर उत्तर देऊन टाकतो.

बेंगळुरू, बडोद्याच्या मराठी घरांना कुणी सांगतं, शाळेची भाषा वेगळी, तर घरची मराठी बंद करा. गरज नाही. आजीशी ज्या भाषेत रुसायचं, ती तक्त्यावर हवीच.

मूल चिडलं म्हणून तक्ता कपाटात ठेवू नका. बोलक्या मुलाचं तोंड आपण शिक्षा म्हणून बांधत नाही.

कुठे जायचं हे कळत नसेल तर जिल्हा रुग्णालयात ‘डीईआयसी’ची, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चौकशी करा. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ही केंद्रं चालतात. जाताना मुलाचा पुठ्ठा पिशवीत घ्या; डॉक्टरांनी सुई काढली तर ‘नको’ तिथेही लागेल.