इटलीही पडद्यासमोरच शिकली

इटालियन शिकायची म्हणून यूट्यूबवर कॉफीचे, बाजाराचे, हातवाऱ्यांचे व्हिडिओ बघत बसलेल्या माणसाला कोणी फारसं गंभीरपणे घेत नाही. भाषा शिकायची तर क्लास लावावा, क्रियापदं घोकावीत. बाकी सगळी करमणूक, असा आपल्याकडचा समज. तो चुकीचा आहे, आणि याचा पुरावा खुद्द इटलीचाच आहे. १८६१मध्ये हा देश एक झाला तेव्हा इटालियन येणारे लोक, भाषाशास्त्रज्ञ तुल्लिओ दे माउरो यांच्या अंदाजाने, शंभरात जेमतेम अडीच होते. आर्रिगो कास्तेल्लानी यांनी पुढे हा आकडा दहाच्या आसपास नेला. तरी नव्वद उरतातच. ही माणसं नेपल्सची, व्हेनिसची, सिसिलीची आपापली बोली बोलत. शाळा, सक्तीची लष्करी नोकरी, कारखान्यांच्या शहरांकडे गेलेले लोंढे यांनी इटालियन हळूहळू पसरवली. पण १९५४मध्ये सुरू झालेल्या दूरचित्रवाणीचा वाटा फार मोठा, असं दे माउरो यांनी मांडलं. सूत्रसंचालक माइक बोंजोर्नोचा प्रश्नमंजूषेचा कार्यक्रम पाहायला लोक बारमध्ये, अगदी चित्रपटगृहांतही गर्दी करत. तिथे व्याकरण कोणी शिकवत नव्हतं. कोण जिंकतो याची उत्सुकता होती आणि तिच्यासोबत भाषा कानावर पडत होती.

यावर आक्षेप येईल की ते लोक इटलीतच राहत होते. टीव्ही बंद केला तरी पोस्टात, कचेरीत तीच भाषा भेटायची. पुण्यात किंवा पणजीत बसलेल्याला ती कुठून भेटणार? आक्षेप रास्त आहे, आणि नेमक्या त्याच कारणासाठी रोजच्या व्यवहाराचे व्हिडिओ पाहायला हवेत. आदरार्थी ‘लेइ’ला तृतीयपुरुषी क्रियापद लागतं, हे पुस्तक एका ओळीत सांगतं. ते दुकानदाराशी वापरायचं की मित्राच्या आईशीही, आणि ‘तू’वर यायला कोणी सुचवायचं, हे माणसं बोलताना पाहिल्याशिवाय कळत नाही. कितीतरी बारमध्ये आधी गल्ल्यावर पैसे भरून पावती घ्यायची आणि मग ती काउंटरवर दाखवायची. टेबलाशी बसलात तर त्याच कॉफीचे जास्त पैसे पडू शकतात. हे ठाऊक नसलेला माणूस निर्दोष वाक्य बोलूनही ताटकळत उभा राहतो. पुस्तकात शिकवलेला एक भूतकाळ मिलानच्या बोलण्यात क्वचितच ऐकू येतो, सिसिलीत मात्र सर्रास. तक्त्यात तो दुसऱ्या भूतकाळाच्या शेजारी, सारख्याच मानाने बसलेला असतो.

या व्हिडिओंतली इटली बरीचशी पोस्टकार्डावरची असते, हेही खरं. ऊन, आजीबाई, पास्ता आणि दुपारनंतर कापुचिनो मागवणाऱ्याची थट्टा. मिलानच्या पोलितेक्निको या तंत्रविद्यापीठात इंग्रजीतून शिकायला गेलेल्या मराठी विद्यार्थ्याला खरी इटालियन लागते ती भाडेकरारात आणि निवासपरवान्याच्या रांगेत. तिथेच स्थायिक होऊन नागरिकत्व मागायचं, तर २०१८च्या अखेरीपासून बहुतेकांना इटालियनचा बी-१, म्हणजे मध्यम, पातळीचा दाखला द्यावा लागतो. पण पाठ्यपुस्तकांतले संवाद तरी कुठे त्या रांगेत उभे असतात? ते अजून स्टेशनचा रस्ताच विचारत आहेत. व्हिडिओत निदान निवड आपल्या हाती असते. घरभाडं, दवाखाना, सरकारी अर्ज यांवरचेही सापडतात.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. खाली इंग्रजी अक्षरं धावत असली की सगळं समजल्यासारखं वाटतं, आणि बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. याचं उत्तरही त्याच जुन्या टीव्हीकडे आहे. १९६० ते १९६८ या काळात शिक्षक अल्बेर्तो मान्झी निरक्षर प्रौढांना पडद्यावरून लिहायला-वाचायला शिकवत. मोठ्या कागदावर कोळशाने चित्र काढता काढता ते बोलत, म्हणजे पाहणारा काय निघतंय याचा अंदाज बांधत राही. पण प्रेक्षक नुसते पाहत नव्हते. गावोगावच्या केंद्रांवर ते एकत्र जमत, समोर वही असे, मदतीला माणूस असे. व्हिडिओवर इटालियन शिकणाऱ्याने हा भाग गाळला तर करमणूक म्हणणाऱ्यांचंच खरं ठरेल. इंग्रजी अक्षरं बंद करावीत, हवी तर इटालियन ठेवावीत. दर दोन-तीन वाक्यांनी थांबून तीच वाक्यं मोठ्याने म्हणावीत. आणि आठवड्यातून एकदा कोणाशी तरी, चुकत का होईना, बोलावं.