टांगा कुणी उलटवला?



१९२९ सालची गोष्ट. बाबासाहेब मुंबई सरकारच्या एका समितीचे सभासद म्हणून खानदेशात गेलेले. परतताना चाळीसगावला उतरले. महारवाडा स्टेशनापासून पायी जाण्याइतका जवळ. फक्त नदीपार. पण आपल्या लोकांना वाटलं, आपला साहेब पायी कसा जाणार? टांगा ठरवायला गेले. टांगेवाले म्हणाले, महाराला बसवून आम्ही हाकणार नाही. शेवटी तोड निघाली : टांगा भाड्यानं घ्या, हाका तुमचा तुम्ही. हाकायला बसला आपलाच एक माणूस, ज्यानं टांगा कधी हाकलेला नव्हता. पुलाच्या कडेच्या दगडावर चाक आदळलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. पाय मोडला. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता सांगा, या अपघाताची सरकारी चौकशी बसली असती तर अहवालात काय आलं असतं? एकच ओळ. 'चालकाचा निष्काळजीपणा.' टांगेवाल्यांचा नकार अहवालात आला नसता. आपल्या माणसाच्या हातात लगाम कधी येऊच दिला नाही, हेही आलं नसतं. जातीनं टांगा उलटवला आणि नाव झालं असतं महाराचं.

जवळजवळ शंभर वर्षं झाली. अहवाल लिहिणाऱ्यांची भाषा बदललेली नाही.

माझा बाप लाईनीवर गँगमन होता. भरती झाला गँगमन, रिटायर झाला गँगमन. एका पहाटे धुक्यात त्यांच्या गँगमधला एक माणूस कटला. एका लाईनीवर गाडी आली म्हणून बाजूला झाला, तो दुसऱ्या लाईनीवरच्या गाडीपुढं गेला. झेंडी घेऊन उभा राहायला वेगळा माणूस पाहिजे होता. त्या दिवशी माणसं कमी. गँगमधल्या सगळ्यांना ठाऊक. कागदावर मात्र आलं, 'मयताने स्वतः काळजी घेतली नाही.' साक्षीदार म्हणून माझ्या बापाचा अंगठा घेतला. बाप मरेपर्यंत म्हणायचा, "पोरा, वाचता येत असतं तर त्या कागदाला अंगठा लावला नसता रं."

ही रडगाणी नाहीत. हे धोरण आहे. ते समजून घ्यायचं असेल तर मनमाडला जा. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८. जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद. कामगारांचे दोन शत्रू, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, हे आपण भाषणात टाळ्यांसाठी वापरतो. ते बाबासाहेब बोलले ते या रेल्वे कामगारांपुढे. आणि हवेत बोलले नाहीत. त्यांनी रेल्वेचा हिशेब मांडला. अस्पृश्य माणूस गँगमन म्हणून लागतो आणि गँगमन म्हणूनच मरतो. त्याला पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचंही काम करावं लागतं, आणि मास्तर सवर्ण. म्हणजे घर बाटू नये म्हणून एक माणूस आयुष्यभर रुळावर उभा करायचा. रुळावर मरण जास्त. तेव्हा मरणाची वाटणी जातीनं झाली की नाही?

आता कुणी म्हणेल, हे जुनं झालं. तर ताजं घ्या. २०११ साली सरकारनं रेल्वे सुरक्षेसाठी उच्चस्तरीय समिती नेमली. अध्यक्ष अनिल काकोडकर. अणुशास्त्रज्ञ माणूस, आपल्या चळवळीचा नव्हे. २०१२ साली अहवाल आला. २००७-०८ ते ऑक्टोबर २०११ या काळात गाड्यांच्या अपघातांत १०१९ माणसं मेली. आणि त्याच काळात कामावर असताना मेलेले रेल्वे कर्मचारी सुमारे १६००. म्हणजे गाडी घसरून जेवढे मेले त्याहून जास्त गाडी चालू ठेवताना मेले. गाडी घसरली की मंत्री हेलिकॉप्टरनं येतो. गँगमन कटला की फक्त मेट येतो, कापड घेऊन.

त्याच अहवालात दुसरा आकडा आहे. रूळ ओलांडताना वर्षाला सुमारे १५,००० माणसं मरतात, त्यातली ६,००० च्या आसपास मुंबईच्या उपनगरी लाईनीवर. समितीनं त्याला अपघात म्हटलं नाही, कत्तल म्हटलं. मुंबईतला आकडा पुढं खाली आला, पण २०२३ सालीही त्या लाईनीवर सगळ्या कारणांनी मिळून मेलेले अडीच हजारांच्या वर होते. दिवसाला सात माणसं. एखाद्या युद्धात दिवसाला सात मेले तर पहिल्या पानावर येतं. इथं फक्त लाऊडस्पीकर बोलतो : गाडी उशिरानं धावत आहे.

रूळ ओलांडणाऱ्याला कायदा काय म्हणतो? रेल्वे कायदा, १९८९, कलम १४७. बेकायदा प्रवेश. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. पण रुळांच्या कडेला वस्ती कुणाची? चाळीसगावचा महारवाडा नदीपार होता, तसे आजचे झोपडे रुळांपार. पाणी एका बाजूला, शाळा दुसऱ्या बाजूला, मधे चार लाईनी. पूल अर्धा मैल लांब. डोक्यावर हंडा घेऊन बाई अर्धा मैल जाऊन अर्धा मैल परत येणार? ती रूळच ओलांडणार. मग मेली तर गुन्हेगार, जगली तरी गुन्हेगार.

८ मे २०२० आठवा. टाळेबंदीत गाड्या बंद. जालन्याहून मजूर भुसावळकडे निघाले, मध्य प्रदेशातल्या आपल्या गावी जायला गाडी मिळेल म्हणून. चालून चालून थकले आणि करमाडजवळ रुळावरच झोपले. पहाटे मालगाडी आली. सोळा गेले. बरेचसे आदिवासी. रुळावर भाकऱ्या पडलेल्या. साऱ्या देशानं तो फोटो पाहिला आणि विचारलं, रुळावर कुणी झोपतं का? ज्यानं हा प्रश्न विचारला त्यानं चाळीसगावचा अहवाल लिहिला असं समजा. खरा प्रश्न दुसरा. गाडीत बसायच्या माणसाला रुळावर चालायला कुणी लावलं?

पैसा नाही म्हणतात. थापा. काकोडकर समितीनं सुरक्षेसाठी पाच वर्षांत एक लाख कोटी मागितले होते. मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनचा मूळ अंदाज एक लाख आठ हजार कोटी. तिचा पाया घातला १४ सप्टेंबर २०१७ ला. बरोबर पंधरा दिवसांनी, २९ सप्टेंबरला, एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद जिन्यावर चेंगरून तेवीस माणसं मेली. त्याच वर्षी सुरक्षा कोषाची घोषणा झालेली, तोही एक लाख कोटींचा. त्याचं काय झालं ते महालेखापरीक्षकांनी २०२२ साली सांगितलं. त्या पैशातून पायांना मालिश करायची यंत्रं घेतली, कपबश्या घेतल्या, थंडीची जाकिटं घेतली. गँगमनचा पाय कापला जातो आणि त्याच्या नावानं आलेल्या पैशातून कुणाचे तरी पाय चेपले जातात! याला भ्रष्टाचार म्हणून सोडून देऊ नका. हीच वर्णव्यवस्था आहे. पाय कुणाचे चेपायचे आणि कुणाचे कापायचे हे इथं आधीपासून ठरलेलं आहे.

आणि मैला. वर्षानुवर्षं डब्यातलं सगळं थेट रुळावर. ते उचलायला कोण? २०१३ चा कायदा आला, हातानं मैला उचलण्यावर बंदीचा. अंमल कधीपासून? ६ डिसेंबर २०१३. आपण चैत्यभूमीवर रांगेत होतो तेव्हा. त्या कायद्यात रेल्वेच्या रुळाचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. पण खाली मखलाशी : साधनं आणि संरक्षक कपडे देऊन काम करवलं तर तो माणूस 'हातानं मैला उचलणारा' ठरणारच नाही. हातमोजा घातला की जात गेली! पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाला रेल्वेला सांगावं लागलं की हे थांबवायचा मुदतबंद कार्यक्रम करा. आता डब्यांना जैवशौचालयं बसली. चांगलं झालं. मानवरहित फाटकंही २०१९ पर्यंत ब्रॉडगेजवरून गेली. तेही चांगलंच. म्हणजे मनात आणलं की होतं. मग जे होत नाही ते मनात नाही म्हणून होत नाही.

जून २०२३ मध्ये बालासोरला तीन गाड्या एकमेकींवर गेल्या. दोनशे नव्वदच्या वर मेले. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत चूक निघाली. अटक कुणाला? खालच्या तीन कर्मचाऱ्यांना. त्यांची चूक असेल तर शिक्षा होवो. पण त्याच महिन्यात माहितीच्या अधिकारात उघड झालं की रेल्वेत पावणेतीन लाखांच्या आसपास जागा रिकाम्या आहेत, त्यातल्या दीड लाखाहून जास्त सुरक्षेशी संबंधित. त्या जागा रिकाम्या ठेवणाऱ्याला कोणती बेडी? आणि ती जागा भरतात ती कंत्राटानं. कंत्राटात आरक्षण नाही, पेन्शन नाही, प्रशिक्षण नाही. न शिकवता लगाम हातात द्यायचा, आणि टांगा उलटला की म्हणायचं, चालकाचा निष्काळजीपणा. आपण आरक्षणाचा मोर्चा एकीकडे काढतो आणि अपघाताचा शोक दुसरीकडे करतो. दोन्ही एकाच रिकाम्या जागेतून आलेले आहेत.

आता आपल्याबद्दल. थोडं झोंबेल, झोंबू द्या. एल्फिन्स्टनला माणसं मेली २०१७ ला. २०१८ ला स्टेशनचं नाव प्रभादेवी झालं. दादरला चैत्यभूमीचं नाव द्या ही आपली मागणी. मी नावाच्या लढाईला हलकं म्हणणार नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नावासाठी आपली घरं जळली, माणसं मारली गेली, आणि १९९४ साली नाव मिळवलं. पण दोस्त, पाटी बदलून जिना रुंद होत नाही. बाबासाहेबांच्या नावाच्या स्टेशनात त्यांचाच माणूस रुळावर मरणार असेल तर ती पाटी कुणासाठी? सरकारला पाटी स्वस्त पडते. म्हणून ते पाटी देतं. आपण महाग मागणी करायला शिकलं पाहिजे.

म्हणून काय करायचं? भाषण नको, काम सांगतो.

रुळावर मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद आपण ठेवायची : वस्ती, काम, कंत्राटी की कायम, जवळचा पूल किती लांब. सरकार फक्त आकडा मोजतं, आपण कारण मोजू.

मोठा अपघात झाला की रेल्वे सुरक्षा आयुक्त चौकशी करतात आणि लोकांना साक्ष द्यायला बोलावतात. तिथं आपलं कुणी जात नाही. जा. लाईनीवर किती माणसं कमी होती ते लेखी द्या. सुरक्षेवरची देखरेख रेल्वेच्या हाताबाहेरच्या स्वतंत्र, कायदेशीर प्राधिकरणाकडे द्या, असं काकोडकर समितीनं सांगितलं होतं. ते अजून झालेलं नाही. ती मागणी आपली करा.

गाडीतून पडून मेलेल्याच्या घरी जा. रेल्वे दावा न्यायाधिकरणात अर्ज करायची मुदत एक वर्ष. प्रेताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून दावा मरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलं आहे. आपल्या बाया 'तिकीट नव्हतं' एवढं ऐकून घरी बसतात. त्यांना उठवा.

गँगमध्ये काम करणाऱ्या पोराला सांगा : झेंडीवाला नसेल तर लाईनीवर उतरायचं नाही. एकट्यानं म्हणाला तर नोकरी जाईल. सगळी गँग म्हणाली तर गाडी थांबेल. संघटित व्हा याचा अर्थ लाईनीवर हाच आहे.

आणि न वाचता कुठल्याही कागदाला अंगठा नाही, सही नाही.

चाळीसगावच्या त्या माणसाचं नाव आपल्याला कुणी सांगितलं नाही. टांगा त्याच्या हातून उलटला. पण तो पळाला नाही, लगाम धरायला पुढं तरी आला. त्याला शिकवलं असतं तर बाबासाहेबांचा पाय शाबूत राहिला असता. दोष त्याचा नव्हता. ही गोष्ट प्रत्येक चौकशीत, प्रत्येक कागदावर आता आपल्याला लिहून घ्यायची आहे.

जय भीम.