‘पका’ आणि पक्का

इंग्रजी विशेषणापुढे मराठी प्रतिशब्द लिहिला की ते शिकवून झाले, अशी आपल्या अध्यापनाची रीत आहे. टोकावड्याच्या एखाद्या विद्यार्थ्याला इंग्रजीत ‘पका’ हे विशेषण भेटले, तर ही रीत पुरणार नाही. उच्चारातले द्वित्त गळाले असले तरी शब्द आपल्या ‘पक्का’चाच, अर्थ मात्र तेवढा आपला उरलेला नाही.

इंग्रजी कोश त्याचे मूळ हिंदीत दाखवतात. त्यामागे संस्कृत ‘पक्व’, म्हणजे शिजलेले, पिकलेले. मराठीत त्याच ‘पक्व’चे दोन वंशज नांदतात. आंबा पिका असतो, पक्का नसतो. रस्ता पक्का असतो, पिका नसतो. याच प्राचीन धातुकुळातून लॅटिनमार्गे इंग्रजीत ‘कुक’ आला आणि ‘प्रिकोशस’ही. हे दुसरे विशेषण आणि आपले ‘अकालपक्व’ घडणीतही किती जवळचे आहेत, हे वर्गात क्वचितच सांगितले जाते.

‘हॉब्सन-जॉब्सन’ (1886) या कोशात कच्च्या-पक्क्या वजनांची जोडी आहे. पण पुढे ‘पका साहेब’ असा प्रयोग रूढ झाला आणि विशेषणाला वर्णाचा व दर्जाचा अहंकार चिकटला. ऑर्वेलच्या ‘बर्मीज डेज’ (1934) मध्ये या साहेबीपणाची झाडाझडती आहे. नंतर इंग्लंडात हा शब्द बोलीभाषेत ‘झकास’ या अर्थाने उतरला. 1999 पासून जेमी ऑलिव्हर या बल्लवाचार्याने तो दूरचित्रवाणीवरून घरोघर पोहोचवला. शिजवण्याचा शब्द पुन्हा स्वयंपाकघरात गेला, हा योगायोग आम्हांला मोठा गमतीचा वाटतो.

आमचे म्हणणे असे की, हा प्रवास सांगितल्यावाचून अर्थ सांगू नये. कारण विशेषण निवाडाही करते. मुरबाड तालुक्यातले कारवीच्या कुडाचे, शेणामातीने लिंपलेले ठाकर-कातकऱ्यांचे घर सरकारी कागदावर ‘कच्चे’ ठरते. त्या घरातून आलेल्या मुलाला ‘पका’ म्हणजे ‘उत्तम’ एवढेच शिकवले, तर आपण नकळत त्याच्या घरालाही गुण देत असतो. उलट त्याच्याकडूनच या शब्दाचे घरगुती उपयोग मागवावेत : पक्का रंग, पक्की बातमी, पक्की गाठ, पक्का चोर. यातला चोर इंग्रजीत नेऊन पाहावा. ‘पका’ तिथे प्रशंसेचा असल्याने तो चोर बहुधा सज्जन ठरेल!