गट नंबर नाही, म्हणून हरकत नाही?

शेती विभागातली जमीन रहिवास विभागात घालायची, तर महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ३७ खाली फेरबदलाची सूचना निघते. राजपत्रात छापून येते. महिन्याच्या आत हरकती द्यायच्या, मग सुनावणी, मग सरकारची मंजुरी. कंटाळू नका मैत्रिणींनो, सगळी मेख या एका महिन्यातच आहे. राजपत्र कोणत्या बाईच्या हाती पडते?

शहराला लागून असलेल्या एका गावाच्या सुनावणीला आम्ही गेलो होतो. वेळ सकाळी अकराची, म्हणजे खुरपणीला जाणारीची त्या दिवसाची मजुरी बुडाली. नकाशा इंग्रजीत. तरी चौघीजणी बोलायला उभ्या राहिल्या. बांधावरचे गवत, विहिरीचे पाणी, रोज नाक्यावर विकायची भाजी, हे सगळे त्याच जमिनीवरचे. साहेबांनी विचारले, "तुमचा गट नंबर काय?" सातबाऱ्यावर नाव नाही म्हटल्यावर म्हणाले, "मग तुमची हरकत कशाची?"

कायदा म्हणतो, कोणत्याही व्यक्तीकडून हरकती मागवा. 'खातेदाराकडून' असे त्यात नाही. आता बाई व्यक्ती आहे की नाही, एवढेच साहेबांनी लेखी द्यावे!

आणि सातबाऱ्यावर नाव का नाही? झोन बदलणार अशी नुसती कुणकुण लागली, की एजंट फिरू लागतात आणि भावांना बहिणी आठवतात. एरवी दिवाळीलाही न फिरकणारा भाऊ गाडी घेऊन दारात येतो, "ताई, एक सही करून जा." हक्कसोडपत्र होते, साडीचोळी होते. १९९४ साली महाराष्ट्राने आणि २००५ साली केंद्राने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क दिला. २००५ च्या दुरुस्तीवेळी वडील हयात नसले तरी तो मिळतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. पण जमिनीला सोन्याचा भाव येतो नेमका तेव्हाच तो सोडवून घेतला जातो. म्हणे बहिणी खुशीने सोडतात. माहेर तुटेल या भीतीने केलेल्या सहीला खुशी म्हणायचे, तर हुंडाही खुशीनेच देतात.

आम्ही घरांच्या विरोधात नाही. एकट्या बाईला शहरात खोली मिळवताना काय सोसावे लागते, ते आम्हाला नवे नाही. मुंबईच्या २०३४ च्या विकास आराखड्यासाठी स्त्रीसंघटनांनी रेटा लावला. त्या आराखड्यात नोकरदार स्त्रियांच्या निवासाला आणि आधार केंद्रांना जागा आहे. मग गावातल्या बाईनेच गप्प का बसायचे?

सुनावणी गावात घ्या, बायांच्या सवडीने घ्या, नकाशा मराठीत लावा. हे पालिकेने करायचे. आपण हरकत साध्या कागदावर मराठीत लिहायची, गटाने जाऊन द्यायची, आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का-तारखेची पोच मिळेपर्यंत खिडकी सोडायची नाही.