उपचारापूर्वीचे दिवस

मुकुटबन, वणी, पांढरकवडा या कापसाच्या पट्ट्यातील व्यापाऱ्याला हंगामाची तयारी शिकवावी लागत नाही. कापूस बाजारात येण्याच्या कितीतरी आधी काटा तपासला जातो, भांडवलाची सोय लागते, हमाल ठरतात. माल दारात आल्यावर धावपळ करणाऱ्याच्या पदरी तोटाच येतो, हे पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने पटलेले असते. मात्र त्याच घरात कर्करोगाचे निदान झाले की ही व्यवहारबुद्धी थबकते. निदान आणि उपचार यांच्यामध्ये मिळणारे काही दिवस किंवा आठवडे नुसते वाट पाहण्यात जातात.

या दिवसांत घरोघरी जे घडते, त्यामागे माया असते. रुग्णाला अंथरुणावर झोपवले जाते, दुकानाची पायरी त्याला बंद होते, भेटायला येणारे दबक्या आवाजात बोलतात. कोणी त्याच्यासाठी तप धरते, कधी तो स्वतःच उपवास सुरू करतो. परिणाम असा होतो, की ज्या शरीराला शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार सोसायचे आहेत, ते उपचाराच्या दारात पोहोचण्यापूर्वीच खंगते.

वैद्यकशास्त्र आता या मधल्या काळाकडे उपचाराचाच भाग म्हणून पाहते. त्याला ‘प्रीहॅबिलिटेशन’, म्हणजे उपचारपूर्व तयारी, असे नाव आहे. युरोपातील काही रुग्णालयांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २५१ रुग्णांवर केलेला अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील एका गटाकडून शस्त्रक्रियेपूर्वी चार आठवडे देखरेखीखाली व्यायाम करवून घेतला, प्रथिनयुक्त आहार दिला, मनाला आधार दिला आणि धूम्रपान सोडवले. शस्त्रक्रियेनंतरची गंभीर गुंतागुंत या गटात १७ टक्के रुग्णांत, तर तयारी न केलेल्या गटात सुमारे ३० टक्के रुग्णांत आढळली. या तयारीने गाठ विरघळत नाही. शरीर घाव सोसण्यास समर्थ होते.

विदर्भात या विषयाचे पहिले प्रकरण तोंडाच्या कर्करोगाचे आहे, कारण खर्रा येथे चौकाचौकांत मिळतो. निदान झाले की ‘आता सोडून काय उपयोग?’ असे रुग्ण म्हणतो. उपयोग आहे. शस्त्रक्रियेच्या चार आठवडे किंवा त्याहून आधी धूम्रपान सोडणाऱ्यांना गुंतागुंतीचा धोका कमी राहतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये स्पष्ट केले. तंबाखू कोणत्याही रूपातील असो, ती निदानाच्या दिवशीच सुटावी. त्यासाठी १८००-११-२३५६ या निःशुल्क राष्ट्रीय दूरध्वनी सेवेवर समुपदेशन मिळते. तोंडावर किरणोपचार होणार असतील, तर दातांची तपासणी आधीच करून घ्यावी. किरणोपचारानंतर दात काढावा लागल्यास जबड्याच्या हाडाची जखम भरणे कठीण होते. जबडा उघडण्याचे आणि गिळण्याचे व्यायामही आधीच शिकून घ्यावेत.

आहाराचा प्रश्न जैन घरात अधिक नाजूक ठरतो. कर्करोगाच्या रुग्णाला दररोज शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे १ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे साठ किलोच्या व्यक्तीला ६० ते ९० ग्रॅम. वाटीभर वरणातून सहा-सात ग्रॅमच मिळतात. कंदमुळे न खाताही ही गरज भागू शकते. मूग, मटकी, हरभरा, सोयाबीन, पनीर, दूध, दही, शेंगदाणे हे सारे घरातलेच आहे. चौविहार पाळणाऱ्याने सूर्यास्तापूर्वी थोडे थोडे पाच-सहा वेळा खावे. द्विदलाचा नियम असेल, तर डाळ आणि दही वेगवेगळ्या वेळी घ्यावे. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास प्रमाण आहारतज्ज्ञाकडूनच ठरवून घ्यावे.

उपवासाचा विचार मात्र धैर्याने करावा लागतो. श्वेतांबर परंपरेतील पच्चक्खाणाच्या पाठातच आगार, म्हणजे सवलती, सांगितलेल्या आहेत. तीव्र पीडेत चित्ताची समाधी टिकावी म्हणून औषध घेण्याची मोकळीक त्यांत आहे. रुग्णाने आपली अवस्था साधू-साध्वीजींसमोर मोकळेपणाने मांडावी आणि मार्गदर्शन घ्यावे. तपाची इच्छा कुटुंबातील निरोगी माणसे पूर्ण करू शकतात.

शरीरासाठी डॉक्टरांच्या संमतीने रोजचे चालणे आणि दीर्घ श्वसन पुरेसे आरंभ ठरतात. सकाळी देरासरापर्यंत किंवा दुकानापर्यंत पायी जाणे हाही व्यायामच आहे. रक्तातील हिमोग्लोबिन आणि साखर या काळात सुधारून घेता येते.

मनाच्या तयारीचा पाया सत्य हा आहे. बाजारात पत जाईल, मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल, या भीतीने रोगाचे नाव लपवले जाते. अनेकदा खुद्द रुग्णापासूनही. ज्याला आपल्या आजाराचे नाव ठाऊक नाही, तो तयारी तरी कशाची करणार? गावाला सांगायचे की नाही, हे त्याने ठरवावे. त्याला मात्र सांगितलेच पाहिजे. रोजची ४८ मिनिटांची सामायिक अशा वेळी मनाला थारा देते. झोप उडाली किंवा निराशा दाटली, तर समुपदेशकाची मदत घेण्यात कमीपणा नाही.

पैशाची चिंताही मनालाच पोखरते. विम्याची पूर्वमंजुरी, महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेसाठी शिधापत्रिका व आधार, बँक खात्यावरील वारसनोंद, उधारीची वही कोण सांभाळणार, ही कामे रुग्णाला सोबत घेऊन पूर्ण करावीत. त्याला वगळून केलेली निरवानिरव त्याला अधिक घाबरवते.

एक सावधानता आवश्यक आहे. तयारीच्या नावाखाली उपचार लांबवू नयेत. काही कर्करोगांत दिवसांचाही विलंब परवडत नाही. तेथे मिळतील तेवढेच दिवस वापरावेत. मुकुटबनहून कोणी नागपूरच्या राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालयात जाते, कोणी जामठ्याच्या नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये, कोणी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात. पहिल्या भेटीत शस्त्रक्रियेची तारीख सगळेच विचारतात. त्या तारखेपर्यंत रोज काय खावे, किती चालावे आणि कोणत्या तपासण्या करून ठेवाव्यात, हेही त्याच वेळी विचारून कागदावर लिहून आणावे.